अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या की मायटोकॉन्ड्रियल पेप्टाइड: वय लांबवायला काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वय ५२, सांगलीत आमराईत रोज फिरणं, व्हिटॅमिन सी-ईच्या (म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या) गोळ्या सुरू आणि जिममधल्या एकानं मॉट्स-सी या मायटोकॉन्ड्रियल पेप्टाइडचं (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचं) इंजेक्शन सुचवलंय. माझं मत सरळ आहे: इंजेक्शन घेऊ नका, आणि गोळ्याही बहुधा वाया जातायत. कारणं मात्र वेगवेगळी.

गोळ्यांची माणसांवर मोठी परीक्षा झाली आणि त्या नापास झाल्या. फिनलंडच्या १९९४च्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २०११मध्ये व्हिटॅमिन ई (४०० युनिट) घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त दिसला. अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात ते फ्री रॅडिकल, म्हणजे शरीरात तयार होणारे अस्थिर कण, नुसता कचरा नव्हेत. व्यायामात तयार होणारे हे कण स्नायूला जुळवून घ्यायचा इशारा देतात. २००९च्या एका अभ्यासात १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना व्यायामानं इन्सुलिनच्या बाबतीत मिळणारा फायदा मिळालाच नाही. आमराईतली मेहनत गोळीनं अशी पुसली जाऊ शकते.

पेप्टाइडची परीक्षाच झालेली नाही. मॉट्स-सी हे १६ अमिनो आम्लांचं, २०१५मध्ये जाहीर झालेलं. उंदरांत वजन आणि साखरेवर चांगला परिणाम दिसला, पण माणसाचं म्हातारपण लांबतं असा पुरावा नाही. विक्रेते त्याच्या जोडीला एलामिप्रेटाइडचं नाव घेतात. ते प्रयोगशाळेत बनवलेलं वेगळंच पेप्टाइड. अमेरिकेत २०२५मध्ये मंजुरी मिळाली ती बार्थ सिंड्रोम या दुर्मिळ आजारासाठी, म्हातारपणासाठी नाही. मॉट्स-सी कॅप्सूलमधून विकत असतील तर विषयच संपला, पोटात पचून जातं.

आणखी एक धोका सिरिंजचा, तो फारसा कुणी सांगत नाही. कुपीतल्या पावडरीत पाणी घालून डोस काढायचे परदेशी व्हिडिओ १०० युनिटच्या सिरिंजवर असतात. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ४० युनिटचीही सर्रास मिळते. तिच्यावर १० युनिट म्हणजे ०.२५ मिलि, त्यांच्या सिरिंजवर ०.१ मिलि. डोस थेट अडीचपट! शिवाय ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेल्या कुपीत नेमकं काय आणि किती शुद्ध आहे याची हमी कोण देणार?

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला पळणारे किंवा कुस्ती खेळणारे घरात असतील तर त्यांनाही सांगा, मॉट्स-सी वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदी यादीत आहे.

एक अपवाद: डोळ्यांच्या डॉक्टरांनी मॅक्युलर डिजनरेशनसाठी (वयानुसार डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होण्याच्या आजारासाठी) सी, ई, झिंक, ल्युटीनची गोळी दिली असेल तर ती त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. तिथं तिचा उपयोग सिद्ध झालाय.