गारगोटी, स्फटिक आणि गारा: आधी दगड की आधी थंडी?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सहावीत आहे, प्रोजेक्टसाठी दगड गोळा केले, शेताच्या बांधावरून उचललेल्या पांढऱ्या दगडाखाली तिनं 'गारगोटी' असं लिहिलं. शाळेत ते खोडून 'स्फटिक, एक प्रकारचा खडक' असं लिहायला सांगितलं. तर बरोबर काय, आणि गारगोटीतला 'गार' म्हणजे थंड का?

मुलीचं बरोबर आहे, लेबल अजिबात बदलू नका. फार तर पुढे 'क्वार्ट्झ' हे गारगोटीचं शास्त्रीय नाव लिहा आणि त्यापुढे 'खनिज' लिहा. खडक नाही. खनिज म्हणजे ठरलेल्या घटकांचा, आतून ठरलेल्या रचनेचा एकच पदार्थ, गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बस्स. खडक म्हणजे अशा खनिजांची मोट बांधलेली, जसा आपला काळा बेसॉल्ट किंवा ग्रॅनाइट. पोळी आणि कणीक यातला फरक जसा कुणाला समजवावा लागत नाही तसाच हाही लागायला नको, पण लागतो.

आता 'स्फटिक'. हा शब्द चुकीचा वापरलेला मी इतक्यांदा ऐकलाय की आता राहवत नाही. मराठीत आज स्फटिक या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि लोक ते बिनधास्त एकमेकांत कालवतात. स्फटिकाची माळ, स्फटिकाचं शिवलिंग म्हणतो तेव्हा तो एक विशिष्ट पदार्थ असतो, पारदर्शक स्वच्छ क्वार्ट्झ. आणि मिठाचे स्फटिक, साखरेचे स्फटिक, स्फटिकविज्ञान म्हणतो तेव्हा तो आकार आणि आतली मांडणी असते, पदार्थ कुठलाही चालतो, बर्फसुद्धा. मग बांधावरची दुधी, ओबडधोबड, पावसात घासून गोल झालेली गारगोटी यातली कुठली? पारदर्शक नाही, म्हणजे माळेचा स्फटिक नाही. बाहेरून पैलू नाहीत, म्हणजे बघणाऱ्याला स्फटिकाचा आकारही दिसत नाही. आतली अणूंची मांडणी मात्र स्फटिकमय आहे, पण ती तर जवळजवळ सगळ्याच खनिजांची असते, मग कॅल्साइटला पण स्फटिक म्हणा, जिप्समला पण म्हणा. लेबलचा उपयोगच काय उरला मग.

आणि दुकानातून ज्या काचेच्या झुंबराला 'क्रिस्टल' म्हणून विकतात त्याच्या आत तर मांडणीच नसते, काच हा पदार्थच अस्ताव्यस्त. म्हणजे क्रिस्टल म्हणतात ती वस्तू क्रिस्टल नसते. याचा मला मनापासून त्रास होतो.

पण या शब्दाचा प्रवास फार सुंदर आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंग्रजी क्रिस्टल ग्रीक 'क्रुस्टॅलॉस'वरून आला. प्राचीन ग्रीक कवी होमरकडे त्याचा अर्थ साधा बर्फ. नंतर ग्रीकांना डोंगरात पाण्यासारखा पारदर्शक दगड सापडला, हातात घेतला तर गार, उन्हात ठेवला तरी वितळेना, तेव्हा त्यांनी त्यालाही तोच शब्द लावला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं तर लिहूनच टाकलं की हा अतिकडक थंडीनं गोठून कायमचा घट्ट झालेला बर्फ आहे, आणि म्हणून तो हिमप्रदेशातच मिळतो. गंमत म्हणजे त्याच माणसानं लिहिलंय की भारतातला स्फटिक सगळ्यात पसंतीचा, आणि तरी बर्फाचा सिद्धांत सोडला नाही. आपल्याकडे गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत वेगळीच गोष्ट आहे, तिथे स्फटिक बल नावाच्या दैत्याच्या मेदापासून झाला, म्हणजे चरबीपासून. बर्फाचा संबंधच नाही. मग 1669 साली डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोनं क्वार्ट्झचे खडे मोजून दाखवलं की खडा लहान असो मोठा असो, वाकडा वाढलेला असो, बाजूंमधला कोन तोच राहतो, शेजारच्या दोन उभ्या बाजूंत 120 अंश. तिथून 'क्रिस्टल' हा एका दगडाचा शब्द राहिला नाही, सगळ्या नियमबद्ध घन पदार्थांचा झाला. शास्त्राला मराठी शब्द घडवून देणाऱ्या आपल्या परिभाषा करणाऱ्यांनी हीच चाल स्फटिकावर चालवली, संस्कृतातला एका रत्नाचा शब्द उचलून सगळ्यांना वाटून टाकला, आणि मग क्वार्ट्झला मराठी शब्दच नाही म्हणून क्वार्ट्झच लिहिलं. अहो, शब्द बांधावर पडला होता! गार, म्हणजे हीच गारगोटी. गारेचा वाळू-खडा, गारेची शीर, गारेचा खडक, सगळं करता आलं असतं. शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेला शब्द परिभाषेत घ्यायला कमीपणा का वाटावा हे मला कधीच कळलेलं नाही.

आता मूळ मुद्दा, गार म्हणजे थंड का. बहुतेक लोक, त्यात चांगले शिकलेले व्युत्पत्तीवाले पण आले, असं सांगतात की गार म्हणजे थंड, म्हणून आभाळातून पडते ती थंड गार, आणि हाताला थंड लागते ती गारगोटी. ऐकायला छान, ग्रीकांच्या गोष्टीशी जुळतं पण. मला हे साफ उलटं वाटतं. ग्रीकांनी बर्फाचं नाव दगडाला दिलं, आपण दगडाचं नाव बर्फाला दिलं. आधी गार म्हणजे दगड, मग आभाळातून पडणारा दगड म्हणजे गार, आणि त्या गारेसारखं थंड ते गार. गारवा, गारठा, गारठणे ही सगळी पिलावळ नंतरची.

का म्हणतो ते सांगतो. शेजारी बघा ना. बंगालीत गारपिटीला शिलाबृष्टी म्हणतात, शिळांचा पाऊस. कानडीत गारेला आलिकल्लु, त्यातला कल्लु म्हणजे दगड. तेलुगूत वडगळ्ळु, तिथेही शेवटी दगडच. इंग्रजीत हेलस्टोन. आभाळातून कडक गोळा येऊन डोक्यात बसला की माणसाला पहिल्यांदा तो लागतो, थंड आहे हे नंतर कळतं! आणि मराठीला तर कुठल्याही घट्ट तुकड्याला दगडाच्या भाषेत बोलवायची सवयच आहे, मिठाचा खडा, हिंगाचा खडा, तुरटीचा खडा, खडीसाखर. खडीसाखर म्हणजे साखरेचे स्फटिकच की, पण आपण त्यांना खडी म्हणालो. तीच भाषा बर्फाच्या गोळ्याला गार म्हणाली यात आश्चर्य काय.

दुसरं कारण डोळ्यांनी बघायचं आहे. दख्खनच्या पठारावर साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, नंतर त्या पोकळ्यांत आणि भेगांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी फिरलं आणि सिलिका साचली, कुठे दुधी क्वार्ट्झ, कुठे अकीक, कुठे कॅल्सिडनी, ही सगळी सिलिकाचीच रूपं. बेसॉल्ट ऊन-पावसात कुजून काळी माती होतो पण ही सिलिका कुजत नाही, हट्टानं तशीच राहते. म्हणून पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या काळ्या रानात पांढरे खडे धुवून वर आलेले दिसतात. आता 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपीट झाली तेव्हाची शेतं आठवा, काळ्या जमिनीवर पांढऱ्या गारा पसरलेल्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. ज्या माणसाचा जन्म काळ्या मातीत गेला त्यानं आभाळातून पडलेल्या पांढऱ्या खड्यांना दुसरं काय म्हणायचं होतं? तो म्हणाला, गारा पडल्या. माझ्या दृष्टीनं इथेच निकाल लागतो. (विदर्भात तर गारांपासून शेत राखायचं काम परंपरेनं करणारा एक समाजच आहे, गारपगारी, त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन, फार मोठा विषय आहे.)

आता मुळाकडे. माझा कौल संस्कृत 'ग्रावन्'ला. ग्रावन् म्हणजे सोमवल्ली कुटायचा दगड, ऋग्वेदात दहाव्या मंडलात 94 वं सूक्त या दगडांनाच उद्देशून आहे, त्यांच्या आपटण्याचा आवाज म्हणजे त्यांचं बोलणं अशी कल्पना. पुढे अर्थ पसरून कुठलाही दगड, भवभूतीच्या उत्तररामचरितात रामाचं दुःख बघून ग्रावा म्हणजे दगडसुद्धा रडतो. आणि या ग्रावन्‌चा युरोपातला सख्खा भाऊ आहे इंग्रजी 'क्वर्न', म्हणजे हातानं फिरवायचं जातं! लिथुआनियन भाषेत 'गिर्ना', तेही जात्याचा दगड. सोम कुटणारा दगड आणि दळण दळणारा दगड एकाच शब्दाची लेकरं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

यावर आक्षेप काय येतो तर नियम. ग्राम चा गाव झाला, ग्रंथि ची गाठ झाली, ग्रास चा घास झाला, म्हणजे ग्र मधला र गळतो, मग ग्रावन् चा 'गाव'सारखं काहीतरी व्हायला हवं, गार कसा होईल? आक्षेप चांगला आहे, पण तो करणारे जणू भाषेत दुसरी वाटच नसते अशा थाटात करतात. ग्राहक चं गिऱ्हाईक झालं ना? तिथे र गळाला नाही, मध्ये स्वर घुसला आणि र टिकून राहिला. दीर्घ चं प्राकृतात दीहर झालं, तिथेही स्वर आत आला आणि र शेवटी जाऊन बसला. ग्रावन् मधला र असाच सरकून गार मध्ये टिकला असं मी मानतो. हिंदीतला गारा म्हणजे चिखल, त्याच्याशी नातं जोडणारेही भेटतात, पण चिखलातून दगड आणि गारपीट दोन्ही कसे काढणार हे त्यांनी एकदा मांडून दाखवावं.

बरं, थंडीवाल्यांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. क्वार्ट्झ खरोखरच हाताला काचेपेक्षा गार लागतो, कारण तो उष्णता काचेपेक्षा कितीतरी पटीनं पटकन ओढून घेतो. माळ खरी स्फटिकाची आहे की काचेची हे बघायला गालाला लावून बघतात ते उगीच नाही. पण गोष्ट थंड आहे म्हणून तिला तेच नाव मिळालं हे त्यानं सिद्ध होत नाही.

अजून एक चूक, गारगोटी म्हणजे फ्लिंट. कोशातून चालत आलेली आहे आणि भाषांतरांत सर्रास दिसते. फ्लिंट हा युरोपातल्या खडूच्या थरांत सापडणारा करडा-काळा, अतिसूक्ष्म कणांचा सिलिकाचा गोळा. आपल्या दख्खनमध्ये खडूचे ते थरच नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी दगडी पाती काढली ती कॅल्सिडनीची. फ्लिंटला चकमकीचा दगड म्हणा, गारगोटी नको. चकमक हा शब्द तुर्की, आपटणे या अर्थाचा, आणि ठिणगी दगडातून निघत नाही, कडक दगड पोलादाचा कण खरवडतो आणि तो कण पेटतो. दोन गटांत चकमक झडली म्हणतो तेव्हा ती तुर्की ठिणगीच असते.

तसंच सिन्नरला खनिजांचं 'गारगोटी' नावाचं संग्रहालय आहे, नाव मराठी ठेवलं याचा मला मनापासून आनंद आहे, पण तिथली गुलाबी स्टिल्बाइट आणि हिरवी अपोफिलाइट बघून 'किती सुंदर गारगोट्या' म्हणू नका, ती वेगळी खनिजं आहेत, गारगोटीपेक्षा बरीच मऊ. कडकपणाच्या मोहसच्या 1 ते 10 च्या मापात क्वार्ट्झ 7, अपोफिलाइट साधारण 5, स्टिल्बाइट 4 च्या आसपास, कॅल्साइट 3. हिरा 10. हिऱ्यापोटी गारगोटी म्हणतात त्यात जुन्या लोकांची नजर दिसते मला, दोन्ही कडक, दोन्ही चमकतात, म्हणूनच फसगत होते आणि म्हणूनच म्हण झाली. कोळशापोटी गारगोटी असं कुणी म्हणालं नाही.

मुलीला शाळेत दाखवायला दोन गोष्टी सांगा. तो दगड काचेवर ओढायचा, ओरखडा उठला पाहिजे, आणि चाकूनं दगडावर ओढलं तर दगडाला काही होता कामा नये. मग थोडं लिंबू पिळायचं, फसफसलं तर तो कॅल्साइट, नाही फसफसलं आणि आधीच्या परीक्षेतही टिकला तर गारगोटी. हे बाईंसमोर करून दाखवलं की लेबलचा वाद मिटेल. आणि तसलाच दुसरा दगड मिळाला तर रात्री लाईट घालवून, पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, आणि दोन्ही गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा. आतून पिवळसर उजेड येतो आणि जळक्यासारखा वास. आम्ही लहानपणी आजोळी पांघरुणात शिरून हेच करायचो, आजी ओरडायची की डोळ्यात कण जाईल, तेवढं मात्र खरंच सांभाळा.