आधी ईमेल सोडवा, डिलीट नंतर

प्रश्न : जानेवारी २०२५ ला ट्रम्पच्या शपथविधीत फेसबुकचे झुकरबर्ग, ॲमेझॉनचे बेझोस, गूगलचे पिचाई, एक्सचे मस्क सगळे अगदी पुढे बसलेले बघितले आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. माझे मेल, फोटो, गप्पा, सगळं यांच्याच हातात आहे. एका वीकेंडला सगळी अकाउंट्स डिलीट करून टाकू का? घरचे म्हणतात तू एकटीने सोडून काय होणारे.

उत्तर : थांबा, अजून काहीही डिलीट करू नका. राग योग्यच आहे तुमचा, पण रागात उडवलेलं अकाउंट परत मिळेलच असं नाही, आणि त्याच मेलवर तुमच्या बँकेचे, विम्याचे, सगळ्या पासवर्ड रिसेटचे मेसेज येतात. खरी अडकवणूक तिथेच आहे, ॲप वगैरे नंतरची गोष्ट.

म्हणून पहिलं काम, स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढे येणारं, तुमच्या मालकीचं नाव. वर्षाला थोडे पैसे जातात, पण पत्ता तुमचा राहतो, म्हणजे उद्या मेल कंपनी आवडेनाशी झाली तर दुसरीकडे जायचं, कुणाला नवीन पत्ता कळवायची गरजच नाही. मेलसाठी स्वित्झर्लंडची प्रोटॉन आहे, जर्मनीची तुटा आहे. जुनं अकाउंट वर्षभर तरी चालू ठेवा, फॉरवर्डिंग लावा, आणि जुन्या पत्त्यावर ज्याचा मेल आला त्याच्याकडे त्याच दिवशी पत्ता बदला. मला यात आठ महिने गेले. ‘गूगलने लॉगिन करा’वालं बटण जिथे जिथे दाबलंय तिथे आधी वेगळा पासवर्ड लावून घ्या, हे लोक हमखास विसरतात आणि मग अडकतात.

फोटो गूगल टेकआउटने, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्याच सोयीने, उतरवता येतात. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, उघडून बघा, मगच गूगलवरचे काढा.

आत्ताच्याच अमेरिकन कंपनीचा ‘युरोपातला सर्व्हर’ निवडून भागेल असं वाटत असेल तर तसं नाही, २०१८ च्या क्लाउड ॲक्ट या अमेरिकन कायद्यामुळे अमेरिकन कंपनीकडचा डेटा परदेशात असला तरी अमेरिकेचं सरकार कायदेशीर आदेश काढून मागू शकतं.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर मेसेजचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपच्याच पद्धतीवर चालतं, मजकूर व्हॉट्सॲपची मालक मेटाला वाचता येत नाही, पण कोण कुणाशी कधी बोललं हे तिला कळतं. सिग्नल ना-नफा संस्था चालवते. सगळा ग्रुप हलवायला जाऊ नका, ज्यांच्याशी रोज बोलता अशा दोघांना आधी न्या.

शंभर टक्के सुटका मात्र होत नाही. पर्याय म्हणून घ्यायच्या फायरफॉक्स ब्राउझरचा बहुतेक पैसा गूगलकडूनच येतो, डकडकगो या सर्च इंजिनचे बरेचसे रिझल्ट मायक्रोसॉफ्टच्या बिंगचे असतात. पण म्हणून प्रयत्न सोडू नका, जेवढं सुटेल तेवढं सोडवा.

आणि घरच्यांना सांगा, तुमच्या जाण्याने त्यांच्या नफ्यात फरक पडणार नाही हे खरंय, पण उद्या कंपनीने अकाउंट बंद केलं किंवा अटी बदलल्या तर तुम्ही अडकून पडणार नाही, माझ्या मते हाच मोठा फरक आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने सुद्धा २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिब्रेऑफिस या मोफत, खुल्या पर्यायावर न्यायचं ठरवलं, तेही टप्प्याटप्प्यानेच.

एक राहिलंच, डोमेनला ऑटो-रिन्यू लावा, म्हणजे मुदत आपोआप वाढेल. मुदत चुकली आणि दुसऱ्याने ते घेतलं तर तुमचे पासवर्ड रिसेटचे मेल त्याच्याकडे जातील.