गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवल्याने मुलांचं इंग्रजी आपोआप सुधारतं का?

आपोआप नाही. मलेशियाने हा प्रयोग देशभर करून पाहिला आहे. २००३ मध्ये महाथीर मोहम्मद यांच्या सरकारने गणित आणि विज्ञान मलयऐवजी इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. शिक्षकांना लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि जादा भत्ताही दिला. पण बरेच शिक्षक स्वतः मलय माध्यमात शिकलेले होते. इंग्रजीतून समजावताना अडले की ते मलयकडे वळत, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. समोरच्या मुलांना कळणं महत्त्वाचं! फटका बसला तो मुख्यतः खेड्यातल्या मुलांना, कारण वर्गाबाहेर त्यांच्या कानावर इंग्रजी पडतच नव्हतं. शेवटी २००९ मध्ये सरकारने धोरण मागे घ्यायचं ठरवलं. पुढे २०१६ पासून इंग्रजीचा पर्याय पुन्हा आला, पण ठरावीक शाळांपुरता.

आपल्याकडच्या सेमी-इंग्रजीचा निर्णय घेताना हे जरूर लक्षात घ्या. शाळेबाहेरची पाटी पाहू नका, गणित-विज्ञानाच्या शिक्षकांशी बोला: शाब्दिक उदाहरणं ते कशी समजावतात? मूल अडलं तर मराठीत सांगतात ना? विज्ञानाच्या प्रयोगात असं का झालं, हे मुलाने मराठीत सांगितलं तर चालतं का? मराठी बोलल्याबद्दल दंड करणारी शाळा मी तरी निवडणार नाही. आणि इंग्रजी सुधारायचं असेल, तर इंग्रजीचा तास चांगला हवा, घरी गोष्टीची पुस्तकं हवीत. ते काम भूमितीवर ढकलू नका.