बातमी सोडायची कुठून?

वेबसाइटच्या आतल्या बाजूबद्दल, म्हणजे मजकूर जिथून चढवतात त्या अ‍ॅडमिनबद्दल, या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. बहुतेक पत्रं वर्डप्रेस (वेबसाइट चालवायची मोफत प्रणाली) वापरणाऱ्यांची आहेत.

प्रश्न : आमचं जिल्हा पातळीवरचं साप्ताहिक आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर. डेस्कवर तिघं जण, तालुक्यांचे वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर बातम्या पाठवतात आणि डेस्क त्या चढवतं. अ‍ॅडमिन फार किचकट झालंय, अशी सगळ्यांची ओरड आहे. एका कंपनीनं वर्डप्रेस मागे ठेवून पुढे पूर्ण नवा डॅशबोर्ड, म्हणजे अ‍ॅडमिनचा नवा पडदा, बांधून द्यायचा प्रस्ताव दिलाय. नमुने पाहून संपादक खूश आहेत. मला मात्र धास्ती वाटते. करावं का?
(एक उपसंपादक, सांगली)

उत्तर : नका करू. नमुने पाहून संपादक खूश होणारच. त्या नमुन्यांत मथळे सगळे एका ओळीचे असतात, फोटो सगळे आडवे असतात आणि दिवसाला बातम्या चार. असा दिवस मी तरी कुठल्या डेस्कवर पाहिलेला नाही.

नवा डॅशबोर्ड म्हणजे काय काय पुन्हा बांधणार, हे कंपनीकडून लेखी मागा. लिहिता लिहिता आपोआप सेव्ह होणं. जुनी आवृत्ती उघडून कुणी काय बदललं ते बघणं. तीच बातमी दुसऱ्यानं उघडली तर ‘यावर अमुक जण काम करतायत’ अशी पाटी येणं. ही पाटीची सोय आजच्या रूपात २०१३ साली ३.६ आवृत्तीत आली. फोटो कापणं, वेळ लावून ठेवणं. हे सगळं आज फुकटात मिळतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, नव्या डॅशबोर्डात ते नसलं की पहिल्याच आठवड्यात येईल. २०१५ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीनं आपल्या वर्डप्रेस डॉट कॉम या सेवेसाठी ‘कॅलिप्सो’ नावाचं अ‍ॅडमिन जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहिलं. वर्डप्रेस कोळून प्यायलेली माणसं तिथे पगारावर आहेत, तरी ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ हे जुनं अ‍ॅडमिन काही हटलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत राहिली. तुमच्या कंपनीत माणसं किती, आणि दोन वर्षांनी त्यातलं कोण तुमचा फोन उचलणार, एवढं विचारून बघा.

पण ओरड खरी आहे, त्यामुळे काहीच करू नका असंही मी म्हणत नाही. अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी, घाई अगदी शिगेला असते तेव्हा, डेस्कवरच्या कुणाच्या तरी मागे खुर्ची टाकून बसा. मधे बोलू नका, सुचवू नका, नुसतं बघा.

एका दैनिकाच्या डेस्कवर मी अशी बसले होते. उपसंपादक बाईंनी लॉगिन केलं. वरचा अर्धा पडदा प्लगइनवाल्यांच्या (प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची सोय) पाट्यांनी भरलेला : पाच तारे द्या, प्रो घ्या, नवीन काय ते वाचा. त्या न वाचताच बाई खाली गेल्या. ‘नवी पोस्ट’कडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कालची एक बातमी शोधली, तिची प्रत काढली, आतला मजकूर पुसला आणि नवा डकवला. का? तर कालच्या बातमीत जिल्हा, तालुका, विभाग अशा सगळ्या खुणा आधीच केलेल्या होत्या. साठ-सत्तर नावांच्या यादीतून त्या पुन्हा शोधत कोण बसणार! पण प्रतीबरोबर कालचा फोटोही यायचा, आणि घाईत तो बदलायचा राहिला की रस्ता रोकोच्या बातमीवर सत्कार समारंभ झळकायचा. दोष बाईंचा धरला जायचा.

मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘फोटो १२०० × ६७५. फोटोचं नाव इंग्रजीत. तालुका + जिल्हा दोन्ही. ठळक टिक विसरू नये.’ अ‍ॅडमिन कसं बदलायचं याचा आराखडा म्हणजे ती चिठ्ठी. तुमच्याकडेही असेल, नसली तर वहीच्या शेवटच्या पानावर सापडेल. त्यातली एकेक ओळ यंत्राच्या गळ्यात घाला. फोटो हवा त्या मापात आपोआप कापला जावा. मिरज निवडलं की सांगली आपसूक लागावं (वर्डप्रेस हे स्वतःहून करत नाही, पण छोट्याशा कोडनं होतं). फोटोशिवाय बातमी सुटूच नये, म्हणजे प्रसिद्धच होऊ नये. तालुका मथळ्याच्या लगेच खाली विचारला जावा, उजवीकडच्या पट्टीत चौथ्या पेटीत नव्हे. काही महिन्यांनी ती चिठ्ठी कुणाला लागेनाशी झाली, तर काम नीट झालं म्हणायचं.

दुसरं काम परवानग्यांचं. बऱ्याच छोट्या वृत्तपत्रांत सगळ्यांना ‘संपादक’ करून ठेवलेलं असतं, कारण ‘योगदानकर्ता’ भूमिकेला फोटो चढवता येत नाही आणि फोटोशिवाय वार्ताहराचं चालत नाही. त्यापेक्षा योगदानकर्त्याला फक्त फाइल चढवायची परवानगी जोडून द्या. मग वार्ताहर मोबाइलवरून स्वतः मजकूर आणि फोटो भरेल आणि बातमी तपासणीच्या रांगेत येऊन थांबेल, कारण ती सोडायचा अधिकार त्याला नाही. तुमच्या तिघांचा निम्मा वेळ व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर उचलण्यात जात असणार, तो वाचेल. वार्ताहर लगेच वळतील अशी आशा मात्र धरू नका. एका तालुक्यापासून सुरुवात करा, तरुण आणि हौशी वार्ताहर बघून.

मेनू छाटताना एक सावधगिरी बाळगा. मेनूतून ‘प्लगइन्स’ नुसतं लपवलं म्हणजे कुलूप लागलं असं होत नाही. अधिकार असेल तर पत्ता टाइप करून ते पान उघडतंच. आधी अधिकार काढा, मग मेनू आपोआप आटोपशीर होतो. डेस्कला बातम्या, फोटो आणि प्रतिक्रिया एवढ्या तीन गोष्टी पुरतात. संपादकांना आकडेवारी हवी असते, त्यांना द्या. प्लगइनच्या पाट्या तांत्रिक माणसापुरत्याच ठेवा.

ब्लॉक संपादकात, म्हणजे मजकूर तुकड्यातुकड्यांनी (ब्लॉकनी) रचायच्या वर्डप्रेसच्या पडद्यात, पन्नासाच्या वर ब्लॉक असतात, बातमीला पाच-सहा लागतात. बाकीचे बंद करता येतात. शिवाय नवी बातमी उघडताच इंट्रो, मजकूर, फोटो, फोटोओळी असा साचा तयार मिळावा अशी व्यवस्था होते, आणि साचा हलू नये म्हणून त्याला कुलूपही घालता येतं. मी सगळा साचा कुलूपबंद करत नाही. मधेच चौकट टाकायची मुभा डेस्कला हवी.

हे सगळं वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये लिहून घ्या. थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फाइलमध्ये लिहिलं तर पुढे थीम बदलली की सगळं धुऊन जाईल. बांधणारा माणूस एकच असला तरी चालेल, फक्त काय कुठे केलंय ते मराठीत दोन पानं लिहून देणारा असावा.

प्रश्न : ‘कोल्हापूर महापालिका निवडणूक…’ अशा मथळ्याच्या बातमीचा वेबपत्ता ‘कोल्हापूर-महापालिका-निवड’ इथेच तुटला. वाचकांना वाटलं, कुणाची तरी निवड झाली! असं का होतं?
(कोल्हापूर)

उत्तर : वर्डप्रेस वेबपत्त्याचा हा भाग २०० वर्णांपर्यंतच साठवतं. इंग्रजीला ते चिकार होतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह मात्र पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ वर्ण खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘कोल्हापूर’ नऊ चिन्हांचं, म्हणजे ८१ वर्ण. ‘महापालिका’ही तेवढंच. मधल्या दोन रेघा धरून उरतात ३६, त्यात बसतं ‘निवड’. ‘णूक’ बाहेर.

डेटाबेसमधला रकाना वाढवायच्या भानगडीत पडू नका. मथळ्याखालीच ‘वेबपत्ता’ अशी चौकट आणून ठेवा आणि ती रोमन अक्षरांत भरल्याशिवाय बातमी सुटू देऊ नका. तीन-चार शब्द पुष्कळ झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांची ती लांबलचक माळ दिसायचीही बंद होते. सुटलेल्या बातमीचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे स्वतः वळवतं, पण लोकांनी भरपूर पुढे पाठवलेल्या बातम्यांना मी उगाच हात लावणार नाही.

प्रश्न : अ‍ॅडमिन मराठीत केलं, पण अक्षरं तुटकी दिसतात. वेलांट्या वरून कापल्या जातात. डेस्क म्हणतं, इंग्रजीच बरं होतं.
(लातूर)

उत्तर : डिझाइन रोमन अक्षरांसमोर बसून केलेलं आहे, दुसरं काही नाही. दोन अक्षरांमध्ये अंतर सोडायची सूचना कोडमध्ये असेल तर ती काढा. इंग्रजीत ती देखणी दिसते, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी करा, म्हणजे वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही जगतील. ब्लॉक संपादकातल्या पट्टीवरची काही नावं ११ पिक्सेलची असतात. त्या मापात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ ओळखायला तरुण डोळेसुद्धा कमी पडतात, १४ करा. ज्याला इंग्रजीच हवं त्याला इंग्रजी राहू द्या : २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमधून अ‍ॅडमिनची भाषा निवडता येते. यावरून डेस्कवर भांडण कशाला?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या वेबसाइटचं अ‍ॅडमिन मी सुटसुटीत करून दिलं. आधीपेक्षा निश्चितच चांगलं आहे. तरी कार्यालयातले लोक चिडलेत, ‘जुनं परत द्या’ म्हणतात. काय करू?
(ग्रंथपाल, अमरावती)

उत्तर : चिडणारच. रोज पन्नास वेळा दाबायचं बटण त्यांना डोळ्यांनी शोधावं लागत नव्हतं, आता लागतं. तुम्ही एकट्या नाही. वर्डप्रेसनं मार्च २००८ मध्ये २.५ आवृत्तीत अ‍ॅडमिन नव्यानं मांडलं, तेही हॅपी कॉग या नावाजलेल्या डिझाइन संस्थेला बरोबर घेऊन. त्याच वर्षी डिसेंबरात २.७ आली आणि पुन्हा सगळं बदललं. मधल्या काळात त्यांनी खऱ्या वापरणाऱ्यांना बसवून चाचण्या घेतल्या होत्या आणि ‘क्रेझीहॉर्स’ नावाचा कच्चा नमुनाही तपासला होता. आडवा मेनू जाऊन डावीकडचा उभा मेनू आला तो तेव्हा, आणि आजही तो तिथेच आहे. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या प्रणालीनं जानेवारी २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत अ‍ॅडमिनची पानं मूळ पानावर तरंगत्या पडद्यात उघडायची टूम काढली. २०१५ च्या आठव्या आवृत्तीत तो पडदा काढून टाकला.

मला पटलेली रीत २०१३ ची. आजचा गडद रंगाचा अ‍ॅडमिन आधी ‘एमपी६’ नावाचं प्लगइन म्हणून आला. ज्यांना हौस होती त्यांनी तो महिनोन् महिने वापरला, कुरकुर केली, दुरुस्त्या झाल्या, आणि डिसेंबरात ३.८ मध्ये तो सगळ्यांचा झाला. २०१८ मध्ये ५.० बरोबर ब्लॉक संपादक आला तेव्हा गदारोळ कमी झाला नाही, पण जुना संपादक परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’चं प्लगइन हाताशी होतं म्हणून ज्यांना नको होतं त्यांचं काम अडलं नाही.

तुम्हीही जुनं परत द्या, एका सत्रापुरतं. बाजूला नवंही राहू द्या. नोटिसा आणि निकाल चढवणारे जे दोघं-तिघं असतील, त्यांच्यातल्या सगळ्यात जास्त चिडलेल्या माणसाला आधी शेजारी बसवा. तक्रार नेमकी तोच सांगेल. जे हो-हो म्हणतायत त्यांच्याकडून काही हाती लागत नाही. आणि जतन करायचं बटण जिथे होतं तिथेच ठेवा. बाकी काहीही हलवा, ते नको. प्रवेशाच्या धामधुमीत तर कशालाच हात लावू नका, दिवाळीच्या सुट्टीनंतर बघा.

प्रश्न : सकाळी सहाची वेळ लावलेली बातमी साडेअकराला निघते, कधी कधी त्याहून उशिरा. नवं अ‍ॅडमिन केल्यावर हे सुटेल का?
(रत्नागिरी)

उत्तर : त्यासाठी नवं काही करायला नको. सेटिंग्जमध्ये टाइमझोन यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलाय, तिथे ‘कोलकाता’ निवडा. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. ‘त्याहून उशिरा’चं कारण वेगळं. वर्डप्रेसचं घड्याळ साइटवर कुणी आलं तरच पुढे सरकतं. पहाटे कुणी फिरकलं नाही तर बातमी तशीच बसून राहते. होस्टिंगवाल्याला सांगून सर्व्हरवर खरा क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून घ्या, दर पाच मिनिटांचा पुरे.