सीझरनंतर नॉर्मल करायचीय? आधी जुनी फाईल काढ

प्रश्न : नमस्कार मॅडम, मला सातवा महिना लागलाय. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ती सीझरने झाली. तेव्हा रात्रभर कळा दिल्या आणि सकाळी सांगितलं की प्रोग्रेस नाहीये, ठोके पण कमी होतायत, सही करा. पुढचं सगळं इतकं भराभर झालं की ओटीतला तो डोळ्यावर येणारा लाइट आठवला तरी अजून धडधडतं. यावेळी नॉर्मल व्हावी अशी खूप इच्छा आहे, पण सासूबाई म्हणतात एकदा सीझर म्हणजे कायम सीझर, उगाच हट्ट नको. नवरा म्हणतो तू ठरवशील ते, पण आतले टाके उसवतील ही भीती त्यालाही आहे. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून रोज स्क्वॉट्स मारतेय. शरीर आणि मन तयार करायला नक्की काय काय करू?

उत्तर : स्क्वॉट्स मार, चांगलेच आहेत, पण त्याआधी पहिल्या डिलिव्हरीची फाईल शोध. नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशनची नोट हवी, आणि ती घरात नसेल तर हॉस्पिटलात जाऊन मागून घे, तुझेच कागद आहेत ते. त्यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे गर्भपिशवीवरचा छेद. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतलाही आडवाच असणार असं धरून चालू नकोस, बहुतेक वेळा असतो पण नेहमी नाही. कागदावर एलएससीएस किंवा लोअर सेगमेंट (म्हणजे पिशवीचा खालचा भाग) असं लिहिलेलं असेल आणि छेद आडवा असेल तर पुढचं बोलणं सुरू करता येतं. वरच्या जाड भागात उभा छेद घेतलेला असेल तर कळा द्यायच्याच नाहीत, कारण तिथे पिशवी फाटण्याचा धोका शंभरात ४ ते ९ इतका जातो. खालच्या आडव्या छेदाला तोच धोका साधारण २०० बायकांत एक. म्हणजे भीती खोटी नाही, पण नवऱ्याला वाटतेय तेवढी मोठीही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सीझरचं कारण, आणि त्या वेळी पिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं होतं ते. एक सीझर झालेल्या आणि नॉर्मलसाठी प्रयत्न करणाऱ्या बायकांपैकी शंभरात ७२ ते ७५ जणींची नॉर्मल होते. पण कारणाप्रमाणे आकडा हलतो, बाळ पायाळू किंवा आडवं होतं म्हणून सीझर झालं असेल तर ८४ च्या आसपास, ठोक्यांमुळे झालं असेल तर ७३, आणि प्रोग्रेस नाही म्हणून झालं असेल तर ६४. तुझ्यात दोन्ही कारणं मिसळलेली दिसतात म्हणून सेंटीमीटर महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलंय की खऱ्या जोरदार कळांचा टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरावा, त्याआधी तोंड हळूहळू उघडणं यात वावगं काही नाही. तेव्हा तुझं तीन सेंटीमीटरवर 'प्रोग्रेस नाही' म्हटलं गेलं असेल तर तुझ्या शरीराला जमत नाही असा त्याचा अर्थ होत नाही, आणि पूर्ण उघडून, जोर लावूनही बाळ उतरलं नसेल तर मग तो वेगळा विचार. (हे वाचताना जुन्या डॉक्टरांना लगेच दोषी ठरवू नकोस. ठोके खरंच पडत असतील तर कोणीही तेच केलं असतं.)

सासूबाईंचं वाक्य आजचं नाही. १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी ते लिहिलं, आणि तेव्हा छेद उभाच घ्यायचे, त्यामुळे त्या काळी ते बरोबरच होतं. गंमत म्हणजे त्यांचा रोख पहिलं सीझर उगाच करू नका यावर होता, आणि सीझरनंतर नॉर्मल झालेली स्वतःची एक पेशंटही त्यांनी तिथेच सांगितलीय. खालचा आडवा छेद नंतर १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी रुळवला आणि चित्र बदललं. सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस, एका चेकअपला त्यांनाच बरोबर ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यात फरक पडतो हे काय मी तुला सांगायला हवं?

आता शरीर. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालणं, हिमोग्लोबिन ११ च्या वर ठेवणं, शुगर असेल तर ती ताब्यात आणि वजन डॉक्टर सांगतील तेवढंच वाढू देणं, कारण वजन फार असेल तर नॉर्मल होण्याची शक्यता खरंच कमी होते. खालचे स्नायू आवळायचे व्यायाम सगळ्या करतात, सोडायचे मात्र कोणी करत नाही, आणि बाळ बाहेर येताना सोडणंच लागतं. श्वास सोडताना जबडा, खांदे आणि खालचा भाग एकदम सैल सोडायची सवय कर. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून योनीमार्गाच्या तोंडाशी मालीश करता येतं, तू खालून पहिल्यांदाच बाळंत होणार असल्याने तुला त्याचा उपयोग आहे. नखं कापून, हात धुऊन, साधं बिनवासाचं तेल लावून अंगठा इंच-दीड इंच आत घ्यायचा, मग खाली शीच्या जागेच्या दिशेने आणि दोन्ही बाजूंना ताण जाणवेपर्यंत दाबून धरायचं, मिनिटभराने चुरचुर कमी होते मग पुढे, सगळं मिळून चार-पाच मिनिटं. इन्फेक्शन असेल, रक्त जात असेल किंवा पाणी जात असेल तर अजिबात नाही, आणि वार खाली असेल तरही नाही. पण एक सांगते, नॉर्मलची गॅरंटी देणारा व्यायाम जगात नाही, तसा दावा करणारा व्हिडिओ दिसला की पुढे सरकव.

या सगळ्या व्यायामापेक्षा जास्त फरक हॉस्पिटलच्या निवडीने पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. सध्या जिथे दाखवतेस तिथे विचार की रात्री तीन वाजता गरज पडली तर ओटी आणि भूल देणारे डॉक्टर किती मिनिटांत तयार होतात, रक्ताची सोय कुठे आहे, कळांमध्ये ठोके सतत मशीनवर बघणार का, तारीख उलटली तर काय करणार. उत्तर 'बघू तेव्हा' असं आलं तर तोंडावर हो म्हणून शेवटच्या आठवड्यात सीझरची तारीख हातात देणारी ती जागा असू शकते, आत्ताच दुसरीकडे विचारून ठेव. घरी बाळंत होण्याचा विचार मात्र करू नकोस. पोटावरचा ठोक्यांचा पट्टा पुष्कळ जणींना नकोसा होतो, पण टाक्यांच्या जागी काही बिघडलं तर बहुतेक वेळा पहिली खूण ठोक्यांतच दिसते, म्हणून तो सहन कर, पट्टा लावूनही उभं राहता येतं, बॉलवर बसता येतं. पाठीतलं इंजेक्शन घेतलं तरी चालतं, त्याने टाक्यांचं दुखणं झाकलं जातं ही भीती आता मानत नाहीत. कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत न बसता निघायचं, आणि दोन कळांच्या मध्येही पोट न थांबता दुखत असेल, अंगावरून लाल जात असेल किंवा बाळ हलत नसेल तर धावतच.

आणि मन, खरं तर तुझ्या पत्रात तेच जास्त आहे. ओटीतला लाइट आठवून धडधडतं म्हणतेस ना, ते घेऊन परत लेबर रूममध्ये गेलीस तर पहिल्याच तपासणीला अंग आखडेल. म्हणून आत्ता, हाताशी वेळ असताना, ती रात्र क्रमाने लिहून काढ, कोण काय म्हणालं, तुला काय कळलं नाही, आणि ती पानं आणि फाईल घेऊन डॉक्टरांसमोर बस आणि एकेक ओळ समजून घे. बऱ्याच जणींना तेव्हा नक्की काय झालं हे कळण्यानेच अर्धं मोकळं वाटतं. झोप उडत असेल, तेच तेच दिसत असेल, हॉस्पिटलच्या वासानेही घाम फुटत असेल तर समुपदेशकाकडे जा, बाळंतपणाच्या आघातावर उपचार असतात आणि ते गरोदरपणात घेता येतात. कळांचा सराव असा कर: एक कळ साधारण मिनिटभराची, मधे चढते आणि मग उतरते, म्हणून मिनिटाचा टायमर लावून फक्त बाहेर जाणारा श्वास लांबवायचा, रोज, कंटाळा येईपर्यंत.

शेवटी एक कागद लिही आणि त्यात सीझर झालं तर काय हवंय तेही लिही, नवरा आत हवा, बाळ निघाल्याबरोबर दाखवा, जमलं तर छातीवर ठेवा, प्रत्येक गोष्ट करताना सांगा. अशुभ वगैरे काही नाही त्यात. कळा देऊन मग करावं लागलेलं सीझर हे ठरवून केलेल्या सीझरपेक्षा थोडं जास्त त्रासाचं असतं, हे माहीत असूनही तुला प्रयत्न करायचाय का हे तुझं तू ठरवायचं. आणि ठरवून सीझर करावंसं वाटलं तरी ते हरणं नाही, ३९ आठवड्यांनंतरची तारीख मागून घे म्हणजे बाळाला श्वासाचा त्रास कमी.

प्रश्न : माझ्या बायकोला सीझरनंतर नॉर्मल करायचंय. लेबर रूममध्ये मला सोडणार आहेत पण मी तिथे करणार काय? रक्त बघून मला चक्कर येते.

उत्तर : चक्कर येत असेल तर डोक्याच्या बाजूला उभे राहा, तिथून रक्त दिसत नाही. काम भरपूर आहे हो. कळ आली की कमरेच्या हाडावर तळहाताने जोरात दाबून धरायचं, तिला विचारत राहायचं इथे की खाली, आणि कळ गेली की पाणी द्यायचं, तासाभराने लघवीला न्यायचं, एका कुशीवर पडून राहिली असेल तर बाजू बदलायला लावायची. कळ चालू असताना प्रश्न विचारू नका, ती उत्तर देणार नाही आणि चिडेल. पूर्ण वेळ सोबत कोणी असेल तर नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि ती व्यक्ती नवराच हवी असं नाही, तुमच्याने होणार नसेल तर तिची बहीण किंवा आई चालेल, फक्त 'बघ मी म्हटलं होतं ना' म्हणणारं कोणी नको. फाईलमधला छेदाचा कागद तुमच्या खिशात ठेवा, ड्युटी बदलली की नवीन डॉक्टरांना तो तुम्ही दाखवायचा, तिने कळांमध्ये सांगत बसायचं नाही.

प्रश्न : ४० आठवडे आणि वर चार दिवस झालेत, पहिलं सीझर आहे. कळा सुरू व्हाव्यात म्हणून एरंडेल घेऊ का? मैत्रिणीला गोळी ठेवून कळा आणल्या होत्या, ती मागू का?

उत्तर : दोन्ही नको. एरंडेलाने आधी पोट बिघडतं, जुलाब आणि उलट्यांनी तू थकशील आणि कळा येतीलच असं नाही. गोळीचं म्हणशील तर मिसोप्रोस्टॉल सीझर झालेल्या पिशवीला शेवटच्या महिन्यांत देत नाहीत, टाक्यांची जागा फाटण्याचा धोका त्याने वाढतो, मैत्रिणीची पिशवी कोरी होती म्हणून तिला चाललं असेल. कळा आपणहून आल्या तर सगळ्यात बरं. तपासताना बोट फिरवून पाण्याची पिशवी कडेने सोडवतात, ते डॉक्टरांना विचारता येईल. त्यापुढे कळा आणायच्याच असतील तर पिशवीच्या तोंडात फुगा ठेवायचा मार्ग त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि सलाइनमधून कळांचं औषध द्यावं लागलं तर अगदी सांभाळून. आणलेल्या कळांमध्ये फाटण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून किती दिवस थांबायचं आणि मग फुगा की सीझर हे आज-उद्याच बोलून घे. तोपर्यंत बाळाच्या हालचालींवर लक्ष, नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर रात्र असली तरी जायचं.

प्रश्न : दोन सीझर झालीत. तिसऱ्या वेळी नॉर्मल शक्य आहे का?

उत्तर : काही ठिकाणी करतात, शंभरातल्या साधारण ७१ जणींना जमतंही, पण पिशवी फाटण्याचा धोका हजारात १४ च्या आसपास जातो, म्हणून अनुभवी डॉक्टर आणि मोठं हॉस्पिटल नसेल तर विषय काढू नका. त्याआधी सोनोग्राफीत वार कुठे आहे ते बघा. दोन सीझरनंतर वार खाली तोंडावर आली असेल तर शंभरात ४० जणींमध्ये ती पिशवीत रुतलेली निघते, मग नॉर्मलचा प्रश्नच मिटतो आणि रक्त, आयसीयू, सगळं एका छताखाली असलेल्या ठिकाणी आधीपासून नाव घालावं लागतं. रिपोर्टमध्ये वार वर आहे असं असेल तर तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही ऑपरेशनच्या नोटा बरोबर न्या.