लोहाचे ड्रॉप्स चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नाही? मिली सोडा, मिलिग्रॅम मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ 11 महिन्यांचं, वजन 8.2 किलो, हिमोग्लोबिन 8.1 होतं. दोन महिने रोज एक ड्रॉपर लोह दिलं आणि आता ते 8.3 आहे. बाळ गाईचं दूध दिवसाला 700 मिली पितं, बाकी काही खात नाही. टॉनिक बदलावं का, आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होईल का, हे तुमचे प्रश्न. आमच्या घरी हाच त्रास होऊन गेलाय म्हणून सविस्तर लिहिते. मी फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही. खालचे आकडे घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, डोस परस्पर बदलू नका.

टॉनिक बदलण्याआधी बाटलीवर ‘एलिमेंटल आयर्न’ किती ते वाचा. क्षाराचं (लोह ज्या संयुगात असतं त्याचं) वजन आणि त्यातल्या लोहाचं वजन यांत बराच फरक असतो. फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह साधारण 20 टक्के, फ्युमरेटमध्ये 33, ग्लुकोनेटमध्ये 12. उपचाराचा डोस ठरतो तो प्रत्यक्ष लोहावर, साधारण दर किलोला 3 मिग्रॅ, दिवसातून एकदा. तुमच्या बाळासाठी 8.2 गुणिले 3, म्हणजे 25 मिग्रॅच्या आसपास. तुमचे ड्रॉप्स मिलीला 10 मिग्रॅचे असतील आणि ड्रॉपर 1 मिलीचा असेल, तर पोटात रोज 10 मिग्रॅ जातंय, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मग दोन महिन्यांत 0.2 वाढलं यात नवल नाही.

उलटा धोकाही आहे. बाजारात मिलीला 25 आणि 50 मिग्रॅचे ड्रॉप्सही मिळतात. डॉक्टरांनी 10 ची बाटली धरून ‘2.5 मिली’ लिहिलं आणि मेडिकलवाल्याने 50 ची दिली, तर रोज 125 मिग्रॅ जाईल, किलोला 15! म्हणून चिठ्ठीवर मिलीसोबत मिग्रॅही लिहून मागा, आणि बाटली बदलली की हिशेब पुन्हा करा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ एका दवाखान्याने घालवला, नाव लिहीत नाही. दर भेटीला वजन करून कार्डावर लिहायचे, पण डोस त्या वजनाशी कधी जोडला नाही. हिमोग्लोबिन वाढलं नाही की ब्रँड बदलायचा, आणि तपासणी काय, तर बोटाला टोचून फक्त हिमोग्लोबिन. सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) नाही, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) नाही. लहान मुलांच्या लोहाच्या बाबतीत हा निष्काळजीपणा मला अक्षम्य वाटतो, कारण हिशेबाला दोन मिनिटंही लागत नाहीत. बोट दाबून काढलेल्या रक्तात ऊतींचं पाणी मिसळतं आणि आकडा सहज इकडेतिकडे होतो. शिरेतून रक्त घेऊन, दर वेळी एकाच लॅबमध्ये सीबीसी करा.

त्या सीबीसीत एमसीव्हीला (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) आरबीसीच्या, म्हणजे तांबड्या पेशींच्या, आकड्याने (दशलक्षांत) भागा. एमसीव्ही 62 आणि आरबीसी 3.9 असेल तर उत्तर 16 च्या जवळ येतं, कल लोहाच्या कमतरतेकडे. आरबीसी 5.6 असेल तर 11. उत्तर 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शंका घ्यायची आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायची. हा फक्त अंदाज आहे, निदान नाही. लोह फार कमी असताना त्या तपासणीतला एचबीएटूचा (थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) आकडाही कमी दिसू शकतो, हे लक्षात ठेवा. कुटुंब विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलचंही विचारा. फेरिटिन 12 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. पण सर्दी-तापात ते खोटं वाढतं, म्हणून सोबत सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) करा.

ब्रँडबद्दल माझं ठाम मत असं की चवीवर जाऊ नका. 2017 साली अमेरिकेत डॅलसला 9 ते 48 महिन्यांच्या 80 मुलांवर चाचणी झाली. फेरस सल्फेट आणि पॉलिसॅकराइड लोह (शर्करेच्या साखळीशी जोडलेलं लोह), दोन्ही किलोला 3 मिग्रॅ, दिवसातून एकदा, 12 आठवडे. सल्फेटच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी 7.9 वरून 11.9 झालं, दुसऱ्यात 7.7 वरून 11.1. जुलाबही दुसऱ्या गटातच जास्त झाले. आपल्याकडचं पॉलिमाल्टोज (तशाच शर्करेशी जोडलेलं लोह) तंतोतंत तेच औषध नव्हे, पण ते पूर्ण डोसात देऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ग्रॅमनेही (आकड्यात 1 ने) वाढलं नसेल, तर सल्फेटसारख्या फेरस क्षाराबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आता दूध. 700 मिली फार झालं. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचंच नसतं. त्यात लोह नगण्य, कॅल्शियम लोहाच्या आड येतं, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे सूक्ष्म रक्तस्रावही होतो. पोट दुधाने भरलं की बाळ घास घेणार कुठून? सध्या काय द्यायचं ते डॉक्टरांशी ठरवा. वर्षानंतरही 400-500 मिलीच्या वर जाऊ नका. बीट आणि डाळिंबावर विसंबू नका, दोन्हींत 100 ग्रॅमला 1 मिग्रॅही लोह नसतं. चालत असेल तर चिकन, मटण, कलेजी मऊ शिजवून, बारीक करून द्या. शाकाहारी असाल तर डाळीवर लिंबू पिळा. नाचणी चांगलीच, पण तिच्यातली फायटेट्स (धान्यातली नैसर्गिक द्रव्यं) लोह अडवतात. ती मोड आणून वापरा.

ड्रॉप्स दुधापासून तासभर लांब, दातांना न लावता गालाच्या आतल्या बाजूला सोडा. शी काळी होईल, घाबरू नका.

मेंदूचं म्हणाल तर कोस्टा रिकातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात बाल्यावस्थेत तीव्र, बराच काळ टिकलेली कमतरता असलेली मुलं पुढे चाचण्यांत मागे दिसली. उलट बांगलादेशात 8 महिन्यांच्या 3300 बाळांना सरसकट तीन महिने लोह दिलं, 2021 साली निकाल आले. ॲनिमिया कमी झाला, पण बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. यावरून तुमच्या बाळाला लोह नको असा अर्थ कुणी काढला तर ऐकू नका. तिथे कमतरता असो-नसो सगळ्यांना दिलं होतं, तुमच्याकडे 8.3 समोर आहे. कमतरता लांबू न देणं आपल्या हातात आहे, म्हणून या महिन्यातच पावलं उचला.

डब्ल्यूएचओने 2024 मध्ये 6 ते 23 महिन्यांसाठी ॲनिमियाची मर्यादा 11 वरून 10.5 केली, त्यामुळे रिपोर्टवरच्या खुणेचा गोंधळ होऊ शकतो. आकडा तिथे पोहोचला तरी औषध थांबवू नका. साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

बाटली मात्र उंच कपाटात, कुलपात ठेवा. मिलीला 50 मिग्रॅच्या 15 मिली बाटलीत 750 मिग्रॅ लोह असतं. 8 किलोच्या बाळाने ती संपवली तर किलोला 90 च्या वर जातं, आणि 60 पासूनच जिवाला धोका असतो. असं झालंच तर उलटीची वाट न बघता बाटलीसकट मोठ्या रुग्णालयात जा. उलट्या थांबून काही तासांनी बाळ बरं दिसू लागलं तरी तिथून हलू नका, कारण यकृतावरचा परिणाम त्यानंतरही होऊ शकतो.