व्हॉट्सॅप ग्रुप असूनही कुणाला काही माहीत नसतं, व्हिज्युअल टूलने खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कंपनीत तीस-पस्तीस माणसं, डिझाईन, पर्चेस, प्रॉडक्शन, डिस्पॅच असे विभाग, ग्रुपवर दिवसभर मेसेज चालू, आणि तरी ऐन डिस्पॅचच्या दिवशी कळतं की एक पार्ट अजून प्लेटिंगलाच (धातूचा मुलामा द्यायला) गेलेला नाही. आता मालक म्हणतायत एखादं व्हिज्युअल टूल, म्हणजे कुठलं काम कुठं आहे ते नजरेला दिसेल असं काहीतरी, विकत घेऊ, तर त्याने फरक पडतो का आणि कुठलं घ्यावं.

फरक पडतो, चांगलाच पडतो. मी भोसरी एमआयडीसीत मशिनिंगच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे, तुमच्यापेक्षा थोडी मोठी कंपनी पण दुखणं अगदी हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअर कुठलं ते सगळ्यात शेवटी बघा. आधी एवढं पक्कं करा की आपल्याकडे आत्ता काय अडलंय हे भिंतीकडे नुसतं बघून, कुणालाही न विचारता, कालच जॉइन झालेल्या पोरालासुद्धा कळलं पाहिजे. ग्रुपवर ते कळत नाही कारण मेसेज वर सरकत जातात, सकाळी नऊला कुणी टाकलेलं "मटेरियल आलं" अकरा वाजेपर्यंत गाडलं जातं, आणि ज्या कामाबद्दल कुणीच मेसेज टाकला नाही ते काम तर ग्रुपवर नसतंच. बहुतेक वेळा तेच अडलेलं असतं.

आमच्याकडे क्वालिटीच्या केबिनबाहेर, जिथून सगळ्यांची ये-जा असते तिथं, साधा पांढरा मॅग्नेटिक बोर्ड आहे. उभे रकाने आखलेत: मटेरियल यायचंय, कटिंग, सीएनसी, व्हीएमसी (ही दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), डीबरिंग (पार्टच्या कडेला राहिलेली धातूची कूस, म्हणजे बर, काढणं), इन्स्पेक्शन, प्लेटिंगला पाठवायचंय, प्लेटिंगला गेलंय, फायनल, डिस्पॅच. प्रत्येक जॉबचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड, त्यावर पार्ट नंबर, नग, ड्रॉइंगची रिव्हिजन (ड्रॉइंग कितव्यांदा बदललंय ते) आणि द्यायची तारीख, बास, जास्त काही नाही. ज्याच्या हातून काम पुढं गेलं त्यानेच कार्ड पुढं सरकवायचं, मी बोर्डाला हात लावत नाही. काम अडलं की कार्डावर लाल मॅग्नेट आणि बाजूला मार्करने कारण दोन शब्दांत, "गेज नाही", "ड्रॉइंग डाउट", "इन्सर्ट संपले" असं.

आता यातून काय निघालं ते सांगतो. उशीर झाला की आमच्याकडे सगळे प्लेटिंगवाल्याच्या नावाने खडे फोडायचे. बोर्ड लागल्यावर दिसायला लागलं की "प्लेटिंगला गेलंय" मधली कार्डं बऱ्यापैकी वेळेत परत येतायत, ढीग साठतोय तो त्याच्या अलीकडच्या रकान्यात, म्हणजे माल तयार होऊन आमच्याच शेडमध्ये पडून राहतोय. कारण काय, तर टेम्पो पूर्ण भरल्याशिवाय पाठवायचा नाही असं भाडं वाचवायला कधीतरी ठरलेलं होतं. ठरवणाऱ्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं, पर्चेसला टेम्पोचं बिल दिसतं, डिस्पॅचला लागलेला उशीर दिसत नाही. मग पर्चेसचे साहेब स्वतः बोर्डासमोर येऊन उभे राहिले, ढीग बघितला, आणि टेम्पो रोज ठरलेल्या वेळी निघायला लागला, अर्धा भरलेला असला तरी. वर्षानुवर्षं दोन विभागांत धुसफूस चालू होती ती कार्डांच्या एका ढिगाने मिटली, कारण बोट माणसाकडे न जाता रकान्याकडे गेलं. म्हणून तुम्हालाही सांगतो, थांबून राहायच्या जागांना वेगळा रकाना द्या. "प्लेटिंग" असा एकच रकाना असता तर आम्हाला हे कधीच कळलं नसतं.

ही कार्डांची पद्धत आली टोयोटातून हे तुम्हाला माहीत असेलच. तिथले इंजिनियर ताइची ओनो यांनी १९५३ च्या सुमाराला टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ती सुरू केली, डोक्यात कल्पना अमेरिकन सुपरमार्केटची होती, गिऱ्हाईकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. पार्टांचा डबा रिकामा झाला की त्याचं कार्ड मागच्या स्टेशनला जातं, आणि कार्ड आलं नाही तर मागच्याने बनवायचंच नाही. लोक बोर्ड लावतात, कार्डं लावतात आणि नेमका हा "बनवायचं नाही" वाला भाग सोडून देतात. मग बोर्ड नुसता भरत जातो.

प्रत्येक रकान्यात जास्तीत जास्त किती कार्डं चालतील याची मर्यादा घाला आणि ती पाळा. यामागे साधं गणित आहे, जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं: शॉपमध्ये अर्धवट असलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे दिवस. चाळीस जॉब आत आहेत आणि रोज चार बाहेर पडतायत, तर नवीन जॉबला दहा दिवस लागणार, तुम्ही कितीही फॉलोअप करा. आत वीसच ठेवले आणि रोज चारच निघत राहिले, तर पाच दिवस. संध्याकाळी नाशिक फाट्याला अजून गाड्या घुसवून कुणी घरी लवकर पोचत नाही, तसंच हे. मालकांना हे पटवणं सगळ्यात अवघड असतं, मशीन रिकामं दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो आणि ते नको असलेला जॉब वर चढवायला लावतात. त्यांना बोर्डासमोर नेऊन हा भागाकार करून दाखवा, ऑफिसात बसून पटत नाही.

दुसरी गोष्ट लाल मॅग्नेटची, आणि माझ्या मते अख्ख्या पद्धतीचा जीव तिच्यात आहे. ज्यांच्या घराण्यातून पुढं टोयोटा कंपनी निघाली त्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो ऑटोमॅटिक माग आणला तो धागा तुटला की आपोआप थांबायचा, खराब कापड पुढं विणलं जायचं नाही. पुढं मोटारींच्या लाइनवर तेच तत्त्व आलं, कामगाराला काही गडबड वाटली की तो दोरी ओढतो, वरच्या पाटीवर त्याच्या स्टेशनचा दिवा लागतो, टीम लीडर लगेच तिथं येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. टीम लीडर लगेच येतो, हे विसरू नका. तुमच्याकडे लाल मॅग्नेट लावल्यावर जर दोन दिवस कुणी फिरकलंच नाही, किंवा फिरकलं ते "का अडवलं" असं खेकसायला, तर तिसऱ्या दिवसापासून लाल मॅग्नेट लागणार नाही, सगळं हिरवंगार दिसेल आणि माल मात्र अडकलेलाच राहील. त्यामुळे लाल लागल्यावर कोण येणार आणि किती वेळात येणार ते नाव-वेळेसकट आधी ठरवा आणि बोर्डावरच लिहा. आणि कृपा करून रिजेक्शनच्या आकड्यापुढे ऑपरेटरचं नाव लिहू नका. मशीन नंबर लिहा, शिफ्ट लिहा. नाव लिहिलं की पोरं खराब पीस लपवायला लागतात, आणि लपवलेला पीस कस्टमरकडे जाऊन निघतो.

बोर्डावर किती माहिती टाकायची यावर लोक फार गोंधळतात, त्याला मला मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. आमच्याच मावळ, खेड, जुन्नर भागातली माणसं, १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, पुढं पसारा एवढा वाढला की रोज लाखाच्या वर डबे जायला लागले, आणि डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या थोड्याशा खुणांवर सगळं चालतं. गिऱ्हाईकाचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. डबा कुठल्या भागातून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, एवढंच. आणि यातली प्रत्येक खूण वेगळा माणूस वाचतो, स्टेशनवर डबे वेगळे करणारा मोठा आकडा बघतो, मजल्याशी त्याला देणंघेणं नसतं, मजला बघतो तो शेवटचा माणूस. कार्ड बनवताना हाच प्रश्न विचारा, पुढच्या हाताला नक्की काय लागणार आहे? आमच्या पहिल्या कार्डावर कस्टमरचं नाव, पीओ नंबर, रेट कोड असं बरंच होतं, शॉपवर त्यातलं कुणी काही वाचत नव्हतं, ते काढलं आणि ड्रॉइंगची रिव्हिजन मोठ्या अक्षरात आली, कारण सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, तीच लागते.

आमच्याकडे शॉपवर बिहार, यूपी, ओडिशाची मुलं आहेत, लातूर-परभणीकडची आहेत, सगळ्यांची भाषा वेगळी, त्यामुळे लिहिलेल्या सूचनेपेक्षा वस्तू दाखवणं फार कामाला येतं. डीबरिंगच्या टेबलावर फळीला दोन पीस लावलेत, एक चालणारा आणि एक न चालणारा, बर राहिलेल्या कडेवर लाल पेंटचा ठिपका. याला लिमिट सॅम्पल म्हणतात. "बर काढ नीट" हे वाक्य दिवसभर ओरडण्यापेक्षा त्या दोन पीसवरून बोट फिरवलं की नवीन मुलाला काय हवंय ते हाताला कळतं, आणि क्वालिटी आणि प्रॉडक्शनची "एवढं चालतं की" वाली रोजची बाचाबाचीही बंद होते.

रंगांचं एक सांगायचं राहिलं, नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नका, काही पुरुषांना त्या दोघांतला फरक दिसत नाही आणि ते सांगतही नाहीत, म्हणून अडलेल्या कामाचा मॅग्नेट चौकोनी घ्या, बाकीचे गोल.

ऑफिसमधल्या लोकांसाठी, म्हणजे तुमच्या डिझाईन-पर्चेससाठी, सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करा. खाकी कागदाचा रोल आणा, भिंतीवर लांब चिकटवा, प्रत्येक विभागाला एक आडवा पट्टा, आणि नुकतीच उशीर झालेली एखादी ऑर्डर घेऊन ती एन्क्वायरीपासून चलानपर्यंत खरी कशी कशी फिरली ते चिकट चिठ्ठ्यांवर लावा. कशी फिरायला पाहिजे होती ते नाही हां, खरी कशी फिरली ते. त्या विभागाच्या माणसानेच आपली चिठ्ठी लावायची. तासाभरात कुणीतरी म्हणेल "अरे, मी तर ड्रॉइंग फायनल समजून ऑर्डर टाकली होती", आणि डिझाईनवाला म्हणेल "मी ते फक्त कोटेशनसाठी दिलं होतं". बस, तिथं पेन ठेवा आणि बोला, आख्खी बैठक त्या एका जागेसाठी होती.

सॉफ्टवेअरचं विचाराल तर, सगळे एकाच शेडमध्ये असतील तर भिंतच चांगली, लोक तिच्यासमोर उभे राहून बोलतात, स्क्रीनसमोर तसं होत नाही. रोज सकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्या, चारही विभागांचा एकेक माणूस, डिस्पॅचच्या बाजूने सुरू करून मागे यायचं आणि फक्त लाल कार्डांवर बोलायचं, बाकीच्यांवर नाही. माणसं दोन गावांत बसत असतील, एखादा डिझाईनर घरून काम करत असेल, तर ट्रेलोसारखा एखादा ऑनलाइन कार्डांचा बोर्ड घ्या, तिथंही हेच रकाने आणि हीच मर्यादा, आणि खाकी कागदाच्या बैठकीऐवजी मिरो हा ऑनलाइन फळा चालेल. पण भिंत आणि स्क्रीन दोन्ही ठेवणार असाल तर खरं कुठलं ते आधी जाहीर करा, नाहीतर दोन्हीकडे वेगवेगळी परिस्थिती दिसते आणि लोक परत फोनवर विचारायला लागतात. मालकांना सांगा, आधी काही महिने भिंतीवर चालवू, त्यात रकाने चार वेळा बदलतील, ते बदलायचे थांबले की मग लायसन्सवर पैसे घाला.

व्हॉट्सॅप बंद करायची गरज नाही. आमच्याकडे शिफ्ट संपताना सुपरवायझर बोर्डाचा एक फोटो ग्रुपवर टाकतो, मार्केटिंगवाले कस्टमरकडे बसलेले असतात त्यांना तो बघून तिथल्या तिथं तारीख सांगता येते, आणि रात्रपाळीचा सुपरवायझर घरून निघतानाच बघतो की आज आल्या आल्या कुठल्या मशीनला हात घालायचाय.